त्या जाहिरातीत एकही वाक्य खोटं नव्हतं

मी लिलावात घेतलेल्या जुन्या हेडवर (इंजिनाच्या सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण) मिस्त्रींनी लाल रंगाचा फवारा मारला, थोडा वेळ मुरू दिला, फडक्याने स्वच्छ पुसलं आणि वरून पांढरं औषध फवारलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. हळूहळू त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली, म्हणजे तिथे तडा. दोन नंबरच्या सिलिंडरवर, इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेच्या) मधोमध. मग तशीच एक तीन नंबरवर. केसासारखी बारीक, पण या सीटपासून त्या सीटपर्यंत सलग.

"किती पडलं?" हे मिस्त्रींनी विचारलंच नाही. माझ्याकडे बघून त्यांना अंदाज आला असावा.

गाडी जुनी मिनी आहे. इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ए-सिरीज, १२७५ सीसी. हे इंजिन पहिल्यांदा १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये आलं, तेव्हा ते ८०३ सीसीचं होतं. पुढे वाढत वाढत, मिनीचं उत्पादन २००० साली थांबेपर्यंत ते बनत राहिलं. एकट्या मिनीच ५३ लाखांच्या वर बनल्या, शिवाय हेच इंजिन बसवलेल्या इतर गाड्या वेगळ्या. हा हिशेब मला बोली लावायच्या आधीही माहीत होता. तरीही जाहिरातीतल्या पहिल्याच शब्दाला मी भुललो. तो शब्द होता 'दुर्मीळ'.

जाहिरात छोटीशी होती. दुर्मीळ. कूपर एसला बसणारं १२जी९४० हेड. चालू गाडीवरून काढलेलं. बरीच वर्षं कोरड्या जागेत ठेवलेलं. तपासलेलं नाही, जसं आहे तसं. सोबत चार फोटो.

यातलं एकही वाक्य खोटं नाही ('दुर्मीळ' हे वाक्य नव्हे, तो आपला नुसता शब्द). नंतर तक्रार करायला बसलो तेव्हा हेच माझ्या अंगावर आलं. कूपर एस म्हणजे मिनीची वेगवान आवृत्ती; हे नाव ऐकलं की हात सैल सुटतात. १२७५ सीसीची कूपर एस १९६४ सालची. मिनी कूपर एसनी मोंटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली, आणि त्या तीन विजयांची किंमत आजही प्रत्येक नट-बोल्टवर लावली जाते. पण जाहिरातीत 'कूपर एसचं' असं कुठे लिहिलं होतं? 'कूपर एसला बसणारं' असं लिहिलं होतं. १२जी९४० हा हेडवर ओतलेला नंबर. तो नंतरच्या कूपर एसच्या हेडवर असतो, हे खरं. पण तोच नंबर साध्या ऑस्टिन १३०० च्या, मिनी १२७५ जीटीच्या आणि १२७५ सीसीच्या एमजी मिजेटच्या हेडवरही असतो. उलट सुरुवातीच्या कूपर एसच्या हेडवर एईजी१६३ असा वेगळाच नंबर आहे. म्हणजे नंबरावरून एवढंच कळतं की हेड मोठ्या बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) १२७५ जातीचं आहे. पुढचं व्हॉल्व्ह मोजल्यावर कळतं: साध्या १३०० च्या हेडचा इनटेक व्हॉल्व्ह ३३.२ मिलिमीटरचा, एसचा ३५.६ चा. फोटोत हा अडीच मिलिमीटरहूनही कमी फरक कुणाला दिसणार? एसच्या हेडला नऊऐवजी अकरा जागी पकड असते, तीही खूण सांगतात. पण जादा दोन भोकं नंतर ड्रिलने पाडलेली हेड सर्रास फिरतात, त्यामुळे तिच्यावरही विसंबू नका.

(इथेच एक सांगून टाकतो, कारण यात मी नाही पण दुसरे लोक अडकलेले पाहिले आहेत. तुमचा ब्लॉक (हेडखालचा, सिलिंडर असलेला भाग) ९९८ सीसीचा असेल आणि कुणी '१२जी९४० लावा, ताकद वाढेल' म्हणाला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकवर आपटतात. ब्लॉकमध्ये त्यांच्यासाठी खाचा कापाव्या लागतात. ते मशीनिंग हेडच्या किमतीत धरा.)

'चालू गाडीवरून काढलेलं' हे वाक्य तर मला फार आवडलं होतं. गाडी चालू होती ना, मग हेड काढायची वेळ का आली, हा प्रश्न मला आज पडतो, तेव्हा पडला नाही. या हेडची रचनाच अशी की इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला तीन मिळून पाचच पोर्ट (वाटा) आहेत. मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडतो. साहजिकच मधला भाग सगळ्यात जास्त तापतो आणि दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरवर दोन सीटच्या मधे तडे जाणं हा या हेडचा जगजाहीर आजार आहे. जुनं १२जी९४० हातात आलं की जाणकार माणूस आधी तिथे बघतो. चारही फोटोंत त्या जागेवर काजळी होती. एका फोटोत हेड इतकं तिरपं धरलं होतं की नंबर झळकत होता आणि कंबश्चन चेंबर (इंधन जळतं तो खळगा) अंधारात.

आणि 'तपासलेलं नाही'? याचा मी लावलेला अर्थ लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवा. मला वाटलं, या बिचाऱ्याला आपल्याकडे काय आहे ते माहीत नाही. मला वाटलं, मीच त्याला गंडवतोय. माझी खात्री आहे की तो मजकूर नेमका माझ्यासारख्यांसाठी लिहिला होता.

आता बोलीचं. या लिलावात आपली कमाल रक्कम गुप्त ठेवता येते; समोरचा चढला की यंत्रणा आपल्या वतीने एकेक पायरी वर जाते. जिंकलात तर कमाल रक्कम नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक पायरी वरची रक्कम भरायची. कल्पना सुंदर आहे. १९६१ साली विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की किंमत दुसऱ्या बोलीवर ठरत असेल तर मनातली खरी रक्कम सांगून टाकण्यातच बोली लावणाऱ्याचं हित असतं. फक्त तो दुसरा माणूस खरा असायला हवा.

माझा दुसरा माणूस शेवटच्या दिवशी संध्याकाळी उगवला. बारा मिनिटांत नऊ बोल्या, सगळ्या बारीक बारीक पायऱ्यांच्या. प्रत्येक वेळी यंत्रणा माझ्या वतीने त्याच्या वर. नवव्या बोलीला त्याने मला ओलांडलं. मी हळहळतोय तोवर त्याने ती बोली मागे घेतली. कारण दिलं, रक्कम टाकताना चूक झाली. पाचेक मिनिटांनी तोच परत आला आणि माझ्या कमाल रकमेच्या अगदी खाली येऊन थांबला. काय झालं ते लक्षात येतंय का? मला ओलांडून त्याने माझी गुप्त रक्कम शोधून काढली, बोली मागे घेऊन मला परत पुढे केलं, आणि मग मला त्या रकमेला नेऊन टेकवलं. मला मात्र त्या क्षणी वाटलं, दुसरा कुणी एवढा मागे लागलाय म्हणजे वस्तू नक्की भारी आहे. त्या भरात मी कमाल रक्कम स्वतःहून आणखी वाढवली. तो अजून दोन पायऱ्या चढला. मग मी जिंकलो. 'अभिनंदन' असा निरोप आला होता, तो अजून जपून ठेवलाय.

बोल्यांचा इतिहास सगळ्यांना बघायला खुला होता. मी तो चार महिन्यांनी बघितला. त्या खात्यावरून झालेल्या जवळजवळ सगळ्या बोल्या याच एका विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या. हा विक्रेत्याचाच माणूस होता हे मी सिद्ध करू शकत नाही. तुम्ही मात्र बोली लावायच्या आधी ते पान उघडा, दोन मिनिटंही लागत नाहीत.

चार महिने का लागले? कारण हेड आलं तेव्हा ब्लॉक बोअरिंगला गेलेला होता. खोकं उघडलं, वरवर बघितलं, जड आहे, नंबर आहे, छान, म्हणून परत बंद करून कपाटाखाली सरकवलं. या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत महाग चूक हीच. तक्रार करायची मुदत खोकं हातात पडल्यापासून मोजली जाते, हेड इंजिनावर चढवल्यापासून नाही. मिस्त्रींनी लाल रेघ दाखवली तेव्हा ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. विक्रेत्याला लिहिलं. त्याने अतिशय नम्रपणे स्वतःच्याच जाहिरातीतली शेवटची ओळ पाठवली. लिलाव चालवणाऱ्यांनी सांगितलं की वर्णनात चूक आढळत नाही. ओतीव लोखंडाचं धूड परत पाठवायचा खर्च माझ्याच माथी पडणार होता, तेव्हा तो विषयही तिथेच संपला.

मिस्त्रींनी त्या दिवशी आणखी दोन मापं घेतली. इनटेक व्हॉल्व्ह ३३.२. म्हणजे साध्या १३०० चं हेड. मग व्हर्नियरने जाडी. नव्या हेडची जाडी पावणेतीन इंच, म्हणजे सत्तर मिलिमीटरला किंचित कमी असते. हे जवळपास दीड मिलिमीटरने पातळ निघालं. कुणीतरी ते एकदा नाही, दोन-तीनदा फेस करून (घासून सपाट करून) घेतलं होतं. जितकं घासाल तितका चेंबर लहान होतो आणि कॉम्प्रेशन वाढतं, त्यामुळे तडे नसते तरी ते माझ्या पिस्टनांवर तसंच बसवता आलं नसतं. तडा लहान असेल तर सीट बसवण्यासाठी खोबण कापताना तो निघून जातो. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कडक सीट बसवायच्याच असतात, त्यामुळे ते काम एरवीही करावं लागलं असतं. पण इथे तडा या सीटपासून त्या सीटपर्यंत गेलेला. मिस्त्री म्हणाले, "यावर केलेलं काम वाया जाईल. मी करणार नाही, तुम्ही दुसरीकडेही करू नका." लिलावाची रक्कम, पाठवणावळ आणि कर मिळून मी जे भरलं होतं, त्यात सीट बसवून, तपासून, हमीसह तयार केलेलं हेड आलं असतं आणि वर गॅस्केटचा संच.

कार्ब्युरेटरांचं थोडक्यात, कारण तिथे नुकसान कमी झालं. एसयू या बनावटीची जोडी होती. मी हरलो आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या कमाल रकमेला तुम्ही घ्या. घेतली. तो जिंकणारा खरा होता की नाही कुणास ठाऊक. पण तो नसता तर मला ती कितीतरी कमी रकमेत पडली असती, हे मला घेऊन झाल्यावर सुचलं. वर ती जोडी एचएस४ निघाली. एसयूच्या एचएस मालिकेत पुढचा आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश: एचएस२ सव्वा इंची, एचएस४ दीड इंची. कूपर एसवर सव्वा इंचीची जोडी असते. जाहिरातीत फक्त 'एसयू जोडी, मिनीसाठी' होतं. शिवाय एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या डोमात (वरच्या टोपीत) घातलेला. पिस्टन आणि डोम एकमेकांना जुळवूनच कारखान्यातून येतात. अदलाबदल झाली की पिस्टन अडकतो. थ्रॉटलचा दांडा किती झिजलाय, हे तर हाताने हलवल्याशिवाय कळतच नाही.

१९७१ साली केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा तेल-अभियंत्यांनी एक निबंध लिहिला होता. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांचं नुकसान का होतं, हा विषय. खाली किती तेल आहे हे कुणालाच दिसत नाही, प्रत्येक जण अंदाज करतो, आणि लिलाव तोच जिंकतो ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो. मी वाचून हसलो. माझ्या हेडवर सुरुवातीला बोली लावणारे चार जण होते. दोघांनी फार लवकर सोडून दिलं होतं. त्यांना ती मधली जागा माहीत असणार.

आता मी बोली लावायच्या आधी विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारतो: व्हॉल्व्ह काढून, चेंबर पुसून, सीटच्या मधल्या जागेचा फोटो द्या; व्हॉल्व्हवर पट्टी ठेवून एक; जाडीचं माप एक. निम्म्याहून जास्त जण उत्तरच देत नाहीत, त्यामुळे काम सोपं होतं. मागितलेल्या किमती मी बघत नाही, व्यवहार पूर्ण होऊन गेलेल्या किमती बघतो. तयार हेडच्या किमतीतून मशीनिंग, पाठवणावळ आणि कर वजा करतो, उरेल तो आकडा कागदावर लिहून ठेवतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाकतो. आधी टाकलेली रक्कम चाचपायला समोरच्याला वेळ मिळतो. खोकं आलं की त्याच दिवशी मिस्त्रींकडे, मग ब्लॉक कुठेही असो.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली. १२जी९४०, दुर्मीळ, जसं आहे तसं. तोच तिरपा कोन, तीच काजळी. मी विचारलं, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरवरच्या सीटच्या मधल्या जागेचा फोटो मिळेल का? उत्तर आलं नाही. तेव्हा बोल्या सात होत्या, रात्री बघितलं तेव्हा सोळा झाल्या होत्या. पायऱ्या बारीक बारीक होत्या.