गीझरसाठी पिन टॉप की डीपी स्विच?

साठवणीच्या गीझरला १६ अँपिअरच्या सॉकेटमधून पिन टॉप (प्लग) लावून वीज द्यावी, की भिंतीतली तार डीपी (डबल पोल) स्विचमार्गे थेट गीझरपर्यंत न्यावी, हा प्रश्न वायरिंग नव्याने करणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. पहिल्या घरात आमच्याकडे आठ वर्षे थेट जोडणी होती. आताच्या घरात पिन टॉप आहे.

डीपीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकदमच तोडतो आणि बाथरूमबाहेर हाताच्या उंचीवर बसतो. पिन टॉपचे दुखणे निराळे आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो आणि सॉकेटची पकड जरा जरी ढिली पडली, तरी पितळी पिना काळवंडतात, भोवतीचे प्लास्टिक पिवळे पडते आणि जळकट वास येऊ लागतो. माझे एक सॉकेट असेच गेले, हे कबूल करायला हवे.

तरीही माझे मत पिन टॉपच्या बाजूने झुकले ते जुन्या घरातल्या एका प्रसंगाने. बोअरच्या पाण्यामुळे कॉइलवर क्षार साचत असे आणि गीझर दर वर्षी उघडावा लागे. एकदा मी बाहेरचा स्विच बंद केला, त्याचा लाल दिवा विझला, झाकण काढले आणि केवळ सवयीने आत टेस्टर टेकवला, तर तो पेटला. बोर्ड उघडल्यावर कळले की ज्याला आम्ही इतकी वर्षे डीपी म्हणत होतो, तो एकच तार तोडणारा साधा मोठा स्विच होता. शिवाय फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असल्याने तो तोडत होता न्यूट्रल, आणि फेज गीझरमध्ये तशीच जिवंत राहत होती. स्विचच्या पट्टीमागे नेमके काय तुटते ते बाहेरून दिसत नाही आणि आपला हात गीझरमध्ये असताना घरातले कोणी सवयीने तो स्विच दाबणार नाही, याचीही खात्री नसते.

उपसलेल्या पिन टॉपचा असा घोर नाही. मागच्या तारा उलट असोत वा सुलट, फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात, आणि अर्थिंगची पिन लांब असल्याने ती सर्वांत शेवटी सुटते. काम संपेपर्यंत मी तो टॉप डोळ्यांसमोर नळाच्या पाइपावर टांगून ठेवतो. अर्थात आधी स्विच बंद करावा आणि तार न ओढता टॉप धरूनच उपसावा. चालू गीझरचा टॉप ओढला तर ठिणगी उडून पिना खराब होतात.

गीझर ३००० वॅटचा, म्हणजे १३ अँपिअर ओढणारा असेल, किंवा सॉकेटवर शॉवरचे तुषार उडणार असतील, तर डीपी निवडणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. मात्र वरची प्लेट बसण्याआधी स्विचच्या मागे दोन तारा येणाऱ्या आणि दोन जाणाऱ्या आहेत ना, हे त्याने स्वतः वाकून पाहावे.