हातखंब्याला न आलेली बस

हातखंबा तिठ्यावर शुक्रवारी संध्याकाळी सहाला बस येणार होती. रत्नागिरीची तीन मुलं साडेपाचपासून पाठीला सॅक लावून उभी. कुडाळची दोघं तिकडे कुडाळला हायवेवर. इन्स्टाग्रामवरच्या एका टूर कंपनीचं पॅकेज: बेंगळुरूला हेवी मेटल संगीताचा दोन दिवसांचा फेस्टिव्हल, त्याचा पास, जाणं-येणं, डॉर्मिटरीत मुक्काम आणि वर एक टी-शर्ट, माणशी ३,९९९ रुपये. सव्वासहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येणं बंद झालं, साडेसहाला पॅकेजवाल्याचा फोन बंद. पाच जणांचे मिळून ३६,७९५ रुपये गेले. त्यातले ११,८०० तर बस येणार नाही हे कळल्यावर गेले.

कोकणात राहून मेटल ऐकणाऱ्याला मोठा कार्यक्रम बघायचा तर बाहेर पडावंच लागतं. आयर्न मेडन हा बँड २००७ साली भारतात पहिल्यांदा वाजला तो बेंगळुरूला, मेटॅलिका हा बँड ३० ऑक्टोबर २०११ ला तिथेच, आणि जर्मनीच्या वाकेन मेटल फेस्टिव्हलशी नातं सांगणारा बँगलोर ओपन एअर हा फेस्टिव्हल २०१२ पासूनचा. त्यामुळे 'कोकण ते बेंगळुरू, सगळं धरून' असं पॅकेज निघालं की त्याला गिऱ्हाईक मिळतंच. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात काळे टी-शर्टवाले, म्हणजे मेटल ऐकणारे, मोजकेच आणि सगळे एकमेकांच्या ओळखीचे. एकाने पैसे भरले की बाकीचे 'त्याने भरलेत ना' म्हणून भरतात. ठगाला पाच जणांना पटवावं लागलं नाही, एकालाच पटवावं लागलं.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी 'सीट ब्लॉक' म्हणून माणशी ५००, म्हणजे २,५००. एवढ्याशा रकमेला कोण चौकशी करतो? आठ दिवसांनी उरलेले ३,४९९ प्रमाणे १७,४९५, कारण 'अर्ली बर्डचा रेट आज रात्री बाराला संपतो'. फेस्टिव्हलला तीन आठवडे असताना 'रिस्टबँडचं डिपॉझिट, गेटवर परत' म्हणून माणशी हजार, म्हणजे आणखी ५,०००. सोबत प्रत्येकाच्या आधार कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो.

मुलं बावळट नव्हती. त्यांनी इन्स्टाग्रामवर पेजचे फॉलोअर बघितले, निळी टिक बघितली, वेबसाइट बघितली, जीएसटीचं बिल मागून घेतलं. म्हणजे ठगाने जे दाखवायला मांडलं होतं ते सगळं बघितलं. बघायला हवं होतं ते त्यांना स्वतःलाच ठगापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पहिलं म्हणजे रस्ता. पॅकेजच्या पत्रकात लिहिलं होतं: हातखंबा सहा वाजता, कुडाळ सात वाजता, पुढे आंबा घाटाने कोल्हापूर, सकाळी बेंगळुरू. हातखंब्याहून साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर हा एक रस्ता. हातखंब्याहून लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ हा दुसरा. एकच बस तासाभरात कुडाळ गाठून परत मागे येऊन आंबा घाट चढते, असं कोकणातलं शेंबडं पोरही कबूल करणार नाही. हे पत्रक नकाशावर गावांची नावं शोधून कुठेतरी लांब बसून लिहिलेलं होतं.

दुसरं, परतीची वेळ. रविवारी रात्री नऊला मैदानाबाहेरून बस. आता उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहापर्यंतच लावता येतो, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. त्यामुळे उघड्या मैदानावरच्या फेस्टिव्हलमध्ये शेवटचा मोठा बँड साधारण साडेआठ ते दहा वाजतो. ज्याच्यासाठी सगळे एवढ्या लांब येतात त्या हेडलायनरच्या ऐन मध्यावर बस काढणारा माणूस कधी मेटलच्या कार्यक्रमाला गेलेला नाही, एवढं त्या एका ओळीवरून कळत होतं.

तिसरं, हिशेब. आयोजकांच्या अधिकृत साइटवर नुसता पास ३,५०० च्या आसपास होता. त्यावर बुकिंग फी वेगळी. ५०० रुपयांवरच्या अशा तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो, तोही कोणाला चुकत नाही. शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या खासगी स्लीपर बसचं कोल्हापूर-बेंगळुरू भाडं एका फेरीला हजाराच्या खाली क्वचितच मिळतं. नुसती बेरीज केली तरी साडेपाच हजार, झोपायची जागा अजून धरलेलीच नाही. घाऊक घेतले म्हणून पास थोडे स्वस्त मिळू शकतात, पण निम्म्याने नाही.

कागदांचंही तसंच. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असायला हवा; मोजला तर १४ भरत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. नंबर बरोबर वाटला तरी जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाकून बघायचा. लॉगिन लागत नाही, आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, ते समोर येतं. बसच्या फोटोतल्या पाटीवर एमएच ०८ होतं, म्हणजे रत्नागिरीचं पासिंग, म्हणून मुलांना ती आपली वाटली. तोच नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकल्यावर निघाला मालवाहू टेम्पो. मालकाचं नाव तिथे आता पुसट दाखवतात, पण गाडीचा प्रकार, फिटनेस, विमा दिसतो आणि तेवढं पुरतं.

इन्स्टाग्रामच्या निळ्या टिकेला महिन्याचे पैसे मोजले की ती मिळते, तिच्यावर फार जाऊ नये. पेजच्या नावावर दाबून 'या अकाउंटबद्दल' उघडलं तर अकाउंट कधी सुरू झालं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. या पेजने चार वेळा बदललं होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १८० माणसं होती, पण मेसेज फक्त अ‍ॅडमिनला टाकता येत होते. 'पास मिळाला, थँक्यू' असे स्क्रीनशॉट तोच टाकायचा. जिथे प्रवासी एकमेकांशी बोलू शकत नाहीत तो ग्रुप नव्हे, जाहिरातीचा फलक. सदस्यांच्या यादीतून चार नंबर काढून थेट फोन लावले असते तरी चित्र स्पष्ट झालं असतं.

आणि पास. पाच पीडीएफ आल्या, पाचही जणांची नावं नीट छापलेली. पण पाचही पासांवरचा क्यूआर कोड एकच. फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन केला तर फेस्टिव्हलच्या वेबसाइटचा पत्ता उघडत होता, बस. खऱ्या पासाला माणशी वेगळा कोड असतो, गेटवर तो एकदाच चालतो, आणि हल्ली बरेचदा तो पीडीएफमध्ये नसतोच, तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपमध्ये खरेदीदाराच्या खात्यात असतो. म्हणूनच 'मला जमत नाही, माझा पास घे' म्हणणाऱ्याकडून स्क्रीनशॉट विकत घेऊ नये. तोच स्क्रीनशॉट त्याने दहा जणांना विकला असेल तर जो आधी गेटवर पोचेल तो आत, बाकी नऊ बाहेर. अ‍ॅपमध्ये ट्रान्सफरची सोय असेल तर पास आपल्या खात्यात आलेला दिसल्यावरच पैसे द्यायचे.

सगळ्यात मोठी खूण मात्र यूपीआयने स्वतःच दाखवली होती. पिन टाकण्याआधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव येतं. पेज एका टूर कंपनीच्या नावाचं, आणि पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव. विचारल्यावर उत्तर आलं, 'ते आमचे अकाउंटंट.' दुसऱ्या हप्त्याला तिसरंच नाव, तेव्हा 'त्या खात्याची लिमिट संपली'. ही भाड्याने घेतलेली खाती. ज्याच्या नावावर असतात त्याला थोडे पैसे देऊन पासबुक आणि सिम काढून घेतलेलं असतं. धंदा करणाऱ्याचं खातं धंद्याच्या नावावर असतं; नावं बदलायला लागली की तिथेच थांबायचं. गणपतीत कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट देतो म्हणून पैसे घेणाऱ्यांची हीच तऱ्हा, फक्त तिथे पीएनआर रेल्वेच्या १३९ नंबरवर तपासता येतो म्हणून लोक जरा लवकर शहाणे होतात.

आता त्या ११,८०० बद्दल. तिठ्यावर उभ्या मुलांपैकी एकाने गुगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. सापडला, कारण तोही त्यांनीच पेरलेला. पलीकडचा अगदी नम्र. 'दादा, बस घाटात बंद पडली, लगेच रिफंड करतो, फॉर्म पाठवतो.' फॉर्म म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके, फोनवर अ‍ॅप टाकणारी फाइल. ती टाकताना फोनने 'अनोळखी स्रोत' म्हणून इशारा दिला, मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली. दोन्हीला होकार दिला. कार्डाचा नंबर फॉर्ममध्ये भरून झाला, ओटीपी आलेले परस्पर तिकडे गेले, आठच्या सुमारास खात्यातून दोन व्यवहारांत पैसे उडाले. रिफंड देण्यासाठी कोणाला अ‍ॅप, पिन, ओटीपी किंवा क्यूआर स्कॅन लागत नाही. क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं.

इथे एक गोष्ट बरी झाली. कुडाळच्या मुलाने चाळीस मिनिटांत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला लावला. त्यामुळे पैसे पुढच्या खात्यात गेलेले असताना तिथल्या बँकेने ९,३०० रुपये गोठवले; २,५०० तोवर एटीएममधून निघाले होते. आधीच्या २४,९९५ ला तीन ते पाच आठवडे होऊन गेलेले, ती खाती केव्हाच रिकामी. १९३० ला फोन करताना हाताशी हवं ते एवढंच: आपली बँक आणि खातं, प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, रक्कम, तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी. फोनवर नोंद झाल्यावर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर सविस्तर तक्रार पुरी करायची आणि पावती क्रमांक जपायचा. चॅट पुसायचे नाहीत, रागाने ग्रुपही सोडायचा नाही, आधी सगळं एक्स्पोर्ट करून घ्यायचं. फोन फ्लाइट मोडवर टाकून ते अ‍ॅप काढायचं, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायचे.

पोलिस ठाण्यात 'हे बेंगळुरूचं प्रकरण, तिकडे जा' असं ऐकावं लागतं. तसं जावं लागत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तोतया बनून ऑनलाइन फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. गोठलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी कोर्टाचा आदेश लागू शकतो. बँकेकडूनही फार आशा धरू नये: आपण स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशांना रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या भरपाईच्या नियमाचा आधार मिळत नाही.

फेसबुकवर हकिकत टाकली की दोन दिवसांत 'सायबर सेलमधून बोलतोय, पैसे सोडवून देतो, फाइल चार्ज दोन हजार' असा फोन येतो. तो पुढचा हप्ता मागायला आलेला ठगच. आणि आधारचे फोटो दिलेल्यांनी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघावं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं. पुढे कोणी मागितलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं.

एवढं करून जायचंच असेल तर स्वस्तात जाता येतं, फक्त प्रत्येक गोष्ट वेगळी घ्यावी लागते. पास आयोजकांच्या साइटवर दिलेल्या लिंकवरूनच. रत्नागिरीकरांनी एसटीने आंबा घाटातून कोल्हापूर, तिथून रात्रीची बस किंवा मिरजेला जाऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. कुडाळ-सावंतवाडीकरांनी आंबोलीमार्गे बेळगाव आणि तिथून रात्रीची गाडी, नाहीतर मडगावहून हुबळीमार्गे जाणारी. मुली बरोबर असतील तर एसटीत त्यांना निम्मं भाडं, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकातली मोफत बसप्रवासाची शक्ती योजना तिथल्या रहिवासी बायकांसाठी आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ते हुकलं तर तत्काळ, आदल्या दिवशी एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. जुलै २०२५ पासून त्याला आधारशी जोडलेलं खातं लागतं आणि पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना बुकिंग बंद असतं. त्यामुळे 'दहा वाजून पाच मिनिटांनी काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करावा.

राहायची जागा मैदानाच्या जवळ नको, महाग पडते. मेट्रोच्या जवळ हवी. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून दुसऱ्याच शहरातले तर नाहीत ना ते बघायचं, आणि पोचल्यावर पैसे घेणारीच जागा धरायची. स्पाइक्सचे पट्टे आणि साखळ्या गेटवर काढून घेतात, घरीच ठेवा. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नये. कार्यक्रम दहाला संपून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत पावणेअकरा होतात आणि मेट्रो अकराच्या सुमारास बंद होते. सोमवारची गाडी धरायची, त्या एका जादा रात्रीचे पैसे बजेटमध्ये पहिल्यापासून लिहायचे.