जुन्या कॅबिनेटला स्प्रे पेंट मारून पीसी बांधला, उन्हाळा-पावसाळा काढल्यावर रंग कुठे टिकला कुठे गेला

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. रंग टिकलाय, पण सगळीकडे नाही. जिथे बोटं लागतात, जिथे स्क्रू फिरतो आणि जिथे पत्र्यावर पत्रा सरकतो तिथला गेलाय, बाकी बाजू मारल्या तेव्हा होत्या तशाच आहेत. त्यामुळे कोणता रंग घेऊ विचारण्याआधी आपला हात कॅबिनेटला नेमका कुठे कुठे लागतो ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

कॅबिनेट म्हणजे पेंटियम फोरच्या जमान्यातला तो बेज डबा, काकांच्या ऑफिसातून भंगारात चालला होता तो मी उचलला. पत्रा मस्त जाड, आत्ताच्या स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जातो तसं नाही. एटीएक्स हे बोर्ड-कॅबिनेटच्या मापांचं स्टँडर्ड इंटेलनं १९९५ मध्ये आणलं आणि बोर्डाच्या स्क्रूची भोकं आजही त्याच जागी येतात, म्हणून रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि मायक्रो एटीएक्स बोर्ड काहीही जुगाड न करता बसलं, एसएमएसपण बसला म्हणजे एसएमपीएस, पॉवर सप्लायचा डबा (कीबोर्ड सुधारतोय माझं आपोआप). अडचण दोनच. हार्डडिस्कचा पिंजरा ग्राफिक्स कार्डाच्या वाटेत येतो आणि पंख्याला जागा फक्त ८० एमएमची. पिंजरा पॉप रिवेटवर असतो, ३.२ एमएमच्या बिटनं रिवेटचं डोकं उडवलं की सुटतो. पुढे १२० एमएम पंख्यासाठी भोक पाडलं, स्क्रूच्या भोकांतलं अंतर १०५ एमएम ठेवायचं. ही सगळी कापाकापी रंगाच्या आधी, कारण कापलेल्या कडेवर जस्ताचा थर राहत नाही आणि पावसाळ्यात गंज पहिला तिथेच धरतो. माझी ती कड प्रायमरखाली गेली होती, ऑगस्ट निघाला तरी तांबूसपणा नाही.

जस्तावरून आठवलं. आतला राखाडी पत्रा साधा नसतो, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि साधा इनॅमल रंग थेट त्यावर मारला की काही महिन्यांत पापुद्रे निघतात. गाड्यांचे रंग विकणाऱ्याकडे एच (etch) प्रायमर मिळतो, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरून बसणारा, तो आधी मारा. बाहेरच्या बेज रंगाला ही भानगड नाही, तो निघेपर्यंत घासायची पण गरज नाही, ४०० च्या वॉटर पेपरनं चमक घालवली की पुरे. पुढचं तोंड एबीएस प्लास्टिकचं, त्याला प्लास्टिक प्रायमर वेगळा आणि पुसायला थिनर अजिबात नको, एबीएस विरघळतं, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा.

स्प्रे मारायला एप्रिल धरला कारण हवा कोरडी. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. पण पुण्यातलं एप्रिलचं दुपारचं ऊनही नको, पत्रा तापतो आणि रंग पोचायच्या आत हवेतच सुकून खरखरीत पडतो. त्यात आमच्या गच्चीवर एप्रिल म्हणजे वाळवणाचा सीझन, समोरच्या काकूंच्या कुरडया आणि माझा काळा स्प्रे एकाच वाऱ्यात, त्यांनी कठड्यावरूनच विचारलं, "अरे हे काय फवारतोयस, आमच्या कुरडया काळ्या करतोस का?" मग ठरलं की सकाळी आठच्या आत माझं काम, नंतर त्यांची गच्ची. खरं सांगायचं तर तीच वेळ रंगालाही बरोबर, वारा पडलेला असतो.

मारायची पद्धत सगळ्यांना माहितीये, वीत-सव्वा वीत अंतर, हात पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, पातळ पातळ कोट. एक गोष्ट मात्र डब्याच्या मागे बारीक अक्षरात असते ती वाचा: दुसरा कोट इतक्या वेळाच्या आत नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळेत मारला की खालचा थर सुरकुततो आणि मग सगळं घासून पहिल्यापासून. आणि साध्या कापडी मास्कनं किंवा एन९५ नं सॉल्व्हंटचा वास अडत नाही, त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो.

आता महत्त्वाचं, मास्किंग टेप. बोर्डाखालचे स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतं त्या धातूच्या खुंट्या), एसएमपीएस जिथे टेकतो ती चौकट आणि मागे कार्डाच्या स्क्रूची पट्टी, ह्या तीन जागा रंगवू नका. अर्थिंग ह्याच धातूतून जातं. जोडल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून एसएमपीएसच्या स्क्रूपासून मागच्या पट्टीपर्यंत बीप येतोय का बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, ते प्लगला अर्थिंग नसल्यामुळे, एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो. रंग दिल्यावर झिणझिण्या लागायच्या थांबतात आणि लोक खूश होतात, अहो ते फक्त झाकलं गेलंय, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता इतक्या महिन्यांचा हिशोब. मॅट ब्लॅक दिसतो भारी, पण बोटांचे तेलकट डाग धरतो आणि ओल्या फडक्यानं घासून पुसलं की त्या जागी चकाकी येते, ती जात नाही. साइड पॅनलची सरकणारी कड, तिथे रंग पूर्ण खरवडून चंदेरी पट्टी दिसायला लागलीये. थंब स्क्रूभोवती तर गोल कडं पडलंय, रंग आधी सुरकुतला, मग नखाएवढा तुकडा उडाला, खाली प्रायमरचा राखाडी. नायलॉनचे वॉशर घातल्यापासून पुढे वाढलं नाही. पुढे यूएसबीच्या भोकाभोवती पेनड्राइव्ह घासून घासून बेज परत डोकावतोय, पॉवर बटणाचं तोंड पण तसंच. पण वरचा पत्रा आणि दोन्ही बाजू, जिथे कोणी हात लावत नाही, तिथे ओरखडासुद्धा नाही. वास मात्र बरेच दिवस येत होता, गेम सुरू केला आणि आतलं तापलं की जास्त, आणि हे आठवडाभर उन्हात-सावलीत वाळवून मग जोडलं होतं तरी. हाताला कोरडा लागला म्हणजे आतून कडक झाला असं नसतं.

तापमानात रंगामुळे काही फरक नाही, जो पडला तो पुढच्या भोकामुळे.

पैसे वाचवायला हे करू नका. दोन प्रायमर, रंगाचे डबे, पेपर, टेप, होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) धरून जेवढे गेले त्यात थोडी भर घातली की जाळीवालं नवीन कॅबिनेट येतं. मजेसाठी करा. परत केलं तर पत्र्याचे भाग भोसरीला पावडर कोटिंगला देणार, १८०-२०० डिग्रीला भट्टीत भाजतात म्हणून तो थर स्प्रेपेक्षा कितीतरी कडक होतो आणि सरकणाऱ्या कडांचा प्रश्न बराचसा मिटतो. एका कॅबिनेटसाठी कोणी भट्टी लावणार नाही, त्यांचा काळ्याचा लॉट चालू असेल तेव्हा घेऊन जायचं, आधी फोन करून. प्लास्टिक भट्टीत जात नाही, ते घरीच, आणि यूएसबीची चौकट ह्यावेळी रंगवणारच नाही, बेजच ठेवणार.