आयईटीएफ डेटाट्रॅकर : मसुदा कुठे अडला ते दिसतं, का अडला ते खणावं लागतं

नागपूरच्या मिहानमध्ये नेटवर्कचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमला ग्राहक हमखास विचारतो, 'हे स्टँडर्ड येणार कधी?' इंटरनेट प्रोटोकॉलपुरतं उत्तर डेटाट्रॅकरवर शोधायचं; इंटरनेटची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची ही साइट, प्रत्येक मसुदा कुठल्या टप्प्यावर आहे ते दाखवणारी. साइट फुकट आहे, बघायला लॉगिनही लागत नाही. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारखांसाठी.

मसुदा लिहिणाऱ्या गटाच्या, म्हणजे वर्किंग ग्रुपच्या, पानावरचे माइलस्टोन (काम संपवायच्या ठरवलेल्या तारखा) लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखे घ्यावेत. उलटून गेलेल्या तारखाही तिथे तशाच पडून असतात. आवृत्ती क्रमांकही फसवतो. मसुदा १८५ दिवसांनी बाद होतो, म्हणून लेखक कधी कधी नुसती तारीख बदलून ०७ चा ०८ करतात. पान 'ॲक्टिव्ह' म्हणतं, काम जागचं हललेलं नसतं. दोन आवृत्त्यांची तुलना उघडली की हे लगेच उघडं पडतं.

त्यामुळे आधी 'हिस्ट्री' टॅब. स्थिती शेवटची कधी बदलली ते बघा. लास्ट कॉल, म्हणजे सगळ्यांकडून शेवटच्या हरकती मागवण्याची मुदत, ग्रुपच्या मसुद्याला साधारण दोन आठवडे, वैयक्तिक मसुद्याला चार; घड्याळावर चालणारा टप्पा जवळपास एवढाच. पुढे आयईएसजीतल्या, म्हणजे मंजुरी देणाऱ्या मंडळातल्या, एकाही एरिया डायरेक्टरचा (एकेका विषयक्षेत्राच्या प्रमुखाचा) 'डिस्कस', म्हणजे अडवणारा आक्षेप, पडला की गाडी थांबते. तो आक्षेप शब्दशः वाचता येतो, आणि या साइटची खरी किंमत तिथेच आहे. शब्दरचनेचा आक्षेप एका नव्या आवृत्तीत मिटू शकतो. सुरक्षेच्या मुळावरच बोट ठेवलं असेल तर ग्राहकाला तारीख देऊ नका. आयएसओ या दुसऱ्या स्टँडर्ड संस्थेच्या साइटवर ४०.२० असा टप्प्याचा आकडा तेवढा मिळतो, आक्षेप बाहेरच्याला दिसत नाहीत.

मंजुरी मिळाली तरी थांबा. नॉर्मेटिव्ह संदर्भ (ज्याच्याशिवाय हे स्टँडर्ड राबवता येत नाही असा) दिलेला दुसरा मसुदा मागे राहिला असेल, तर हाही प्रकाशनाच्या रांगेत 'मिसरेफ', म्हणजे संदर्भ अजून आलेला नाही, म्हणून अडकतो. ब्राउझरमधून थेट व्हिडिओ कॉल करू देणाऱ्या वेबआरटीसीचे मसुदे असेच एकमेकांत गुंतून वर्षानुवर्षं पडून होते; सी२३८ नावाचा तो गठ्ठा जानेवारी २०२१ मध्ये सुटला. 'रेफरन्सेस' टॅबमधल्या नॉर्मेटिव्ह ओळी तेवढ्या वाचल्या तरी हा धोका आधी कळतो.

खातं काढून मसुदे यादीत टाकले की बदलांची ईमेल येते. त्यात फक्त महत्त्वाच्या बदलांचा पर्याय निवडा. वर्षातल्या तिन्ही बैठकींआधी दोनेक आठवडे मसुदे घेणं बंद होतं, यूटीसी २३:५९ ला, म्हणजे नागपुरात पहाटे ५:२९ ला. त्या सकाळी इनबॉक्स नव्या आवृत्त्यांनी तुंबतो.