ग्रेनाडाचे नागरिकत्व आणि गेलेले बेचाळीस लाख

शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री आहे आणि आमच्या कास्टिंगचा काही माल अमेरिकेतील एका खरेदीदाराकडे जातो. त्याला भेटण्यासाठी मी दोनदा व्हिसाचा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो नाकारला गेला. हे दुखणे मी शाहूपुरीतील एका स्नेह्याजवळ बोलून दाखवले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यानेच मला एका सल्लागाराकडे नेले. ग्रेनाडा देशाचे नागरिकत्व मिळवून देतो, मग अमेरिकेचा व्हिसा मिळेल, असे सांगून त्या सल्लागाराने पुढच्या पाच महिन्यांत माझ्याकडून बेचाळीस लाख रुपये घेतले. ते कसे घेतले हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगलीकडच्या कारखानदारांकडे हीच माणसे अजूनही जात असल्याचे मला समजले आहे.

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा हा देश ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकत्व देतो, ही गोष्ट खरी आहे. सेंट किट्स अँड नेव्हिसने अशी योजना १९८४ सालीच आणली आणि पुढे डॉमिनिका, अँटिग्वा, ग्रेनाडा व सेंट लुशिया त्याच वाटेने गेले. व्यवसायासाठी मिळणारा अमेरिकेचा ई-२ व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारताशी झालेला नाही. ग्रेनाडाशी मात्र झालेला आहे, हेही खरे आहे. सल्लागाराने सांगितलेल्या या चार गोष्टी मी पडताळून पाहिल्या, त्या बरोबर निघाल्या, आणि त्या विश्वासावर बाकीचे काहीच पडताळले नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलला असून, ज्याने गुंतवणुकीतून नागरिकत्व मिळवले आहे त्याला ई-२ साठी अर्ज करण्यापूर्वी त्या देशात सलग किमान तीन वर्षे वास्तव्य दाखवावे लागते, हे त्याने मला कधीही सांगितले नाही. म्हणजे ज्या एका कारणासाठी मी या मार्गाला लागलो, ते कारणच मुळात उरले नव्हते.

किमतीवरूनही मला शंका यायला हवी होती. ग्रेनाडाच्या राष्ट्रीय निधीला देणगी देऊन नागरिकत्व घ्यायचे तर २०२४ च्या जुलैपासून किमान २ लाख ३५ हजार डॉलर भरावे लागतात, आणि २ लाख डॉलरच्या खाली कोणीच उतरायचे नाही असे ग्रेनाडासह चार कॅरिबियन देशांनी त्याच वर्षी करार करून ठरवले आहे. मला मात्र ‘जुन्या कोट्यातील शिल्लक जागा’ म्हणून दीड लाख डॉलरचा भाव सांगण्यात आला. सरकारने ठरवलेल्या रकमेत कोणताही मध्यस्थ सवलत देऊ शकत नाही.

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते सल्लागाराने लादलेल्या गोपनीयतेविषयी. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “मालक, हे घरातसुद्धा आत्ताच बोलू नका. भावकीत बोभाटा झाला की चौकशीत अडचण येते.” मला ते जबाबदार माणसाचे बोलणे वाटले. अर्जदाराच्या पार्श्वभूमीच्या चौकशीचे शुल्क म्हणून बारा लाख रुपये मी एका व्यापारी पेढीच्या खात्यावर आरटीजीएसने भरले. ते खाते कोणत्याही सरकारचे नव्हते, हे मला पावतीवर दिसत होते. पुढचे तीस लाख त्याने तीन हप्त्यांत रोख मागितले. बँकेतून पाठवल्यास कर कापला जातो आणि वेळ लागतो, दुबईमार्गे पैसे दोन दिवसांत पोहोचतात, असे कारण त्याने दिले. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत रीतसर बाहेर पाठवता येते. रोखीने, हवालामार्गे रक्कम पाठवणे हे परकीय चलनाच्या व्यवहारांविषयीच्या फेमा कायद्याचे उल्लंघन असून रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. ज्या दिवशी मी पहिला रोख हप्ता दिला, त्या दिवशी माझे पैसे गेले आणि तक्रार करण्याचे धैर्यही गेले. त्याला नेमके तेच हवे होते.

सप्टेंबरमध्ये मला राजमुद्रा असलेले ‘तत्त्वतः मंजुरीचे’ पत्र मिळाले. पुण्याला शिकणारी माझी मुलगी सुट्टीला घरी आली होती. कपाटात ते पत्र तिच्या हाती लागले. तिने मला विचारले की पोलिसांचा चारित्र्य दाखला कधी काढला, मुलाखत कोणी घेतली, आणि अधिकृत एजंट कोण. यांपैकी काहीच झाले नव्हते. ग्रेनाडा व इतर कॅरिबियन देशांनी २०२३ मध्ये अमेरिकेशी ठरवलेल्या सहा तत्त्वांत अर्जदाराची मुलाखत घेणे हे एक तत्त्व आहे. अर्ज सरकारमान्य एजंटामार्फतच घेतला जातो, त्या एजंटांची यादी सरकार स्वतः प्रसिद्ध करते, आणि देणगीची मुख्य रक्कम मंजुरी मिळाल्यानंतर भरायची असते. आमच्या सल्लागाराचे नाव त्या यादीत नव्हते.

नंतर वकिलांकडे गेल्यावर जे कळले, त्याने मी पैसे गेल्यापेक्षाही जास्त हादरलो. ‘दोन्ही पासपोर्ट कपाटात राहतील’ असे मला सांगण्यात आले होते; परंतु १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड, मिळाले, तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. पन्हाळा तालुक्यात वडिलांच्या जमिनीला लागून असलेला तुकडा घेण्यासाठी मी आठ वर्षे खटपट करीत आहे. तो अर्ज खरा असता आणि मंजूर झाला असता, तर त्या सातबाऱ्यावर माझे नाव कधीच लागले नसते, आणि ही गोष्ट मला विचारावीशीही वाटली नव्हती.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे आणि त्याचा दंड रोख घेणाऱ्यावर पडतो, मला मात्र माझ्या रोख रकमेचा हिशेब द्यावा लागेल, असे वकिलांनी स्पष्ट केले. हिशेब देण्याची तयारी ठेवून मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली. आरटीजीएसच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि ते पत्र मी जोडले आहे. रोख दिल्याचे पुरावे म्हणून हप्त्यांच्या तारखांचे त्याचे ध्वनिसंदेश तेवढे आहेत. पैसे भरून दोन-चार तासच झाले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केल्यास बँकेत रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत पाच महिने उलटून गेले होते.

तक्रारीची बातमी कानावर आल्यावर कागलमधील एक कारखानदार माझ्याकडे आले. त्यांनी आपली फाइल टेबलावर ठेवली. आमच्या दोघांच्या मंजुरीपत्रांवर अर्ज क्रमांक एकच होता, फक्त नाव बदललेले होते. त्यांनीही अजून घरी सांगितलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्नीला बरोबर घेऊन आले आणि आम्ही तिघे मिळून पुरवणी जबाब देण्यासाठी पोलीस ठाण्यात गेलो.