टाय रॉडची भोकं: जीपी ग्राउट की कोरडा मसाला?

बेसमेंटच्या २५० मिमी भिंतीचं शटरिंग खोललं की टाय रॉडची, म्हणजे दोन्हीकडच्या शटरिंगला जखडून धरणाऱ्या सळ्यांची, आरपार भोकं उरतात. ती बुजवायला जीपी (जनरल पर्पज) ग्राउट, म्हणजे पाण्यात कालवून भरायचा पिशवीतला तयार सिमेंटी माल घ्या नाहीतर कोरडा मसाला, आधी रॉडभोवतीचा, आत उरलेला पीव्हीसी पाइप काढायलाच हवा. गुळगुळीत पाइपला माल धरत नाही आणि पाणी पाइपच्या बाहेरूनही वाट काढतं. ओढून निघत नसेल तर ३२ मिमीचं बिट लावून हॅमर ड्रिल मारा. त्याने कडाही खरखरीत होतात. मग भोक धुऊन साचलेलं पाणी टिपून घ्या.

ग्राउटची ताकद चोख, प्रमाण चुकायची भीती कमी. एका भोकाला जेमतेम २०० मिली लागतं, म्हणजे २५ किलोच्या पिशवीत साठेक भोकं. पण पिशवी एकदम कालवली की अर्ध्या तासात माल आळतो आणि कोणीतरी त्यात गुपचूप तांब्याभर पाणी ओततं. पाच-पाच किलो कालवलं की हे टळतं.

टळत नाही ती कटकट वेगळीच. भोक आडवं असतं. पातळ ग्राउट तळाशी बसतं, हवा वर अडकते आणि माथ्याला नखाएवढी चंद्रकोर रिकामी राहते. तोंडावर थापी फिरली की ती दिसतही नाही. पावसाळ्यात ओल नेमकी तिथूनच येते. ग्राउट भरायच्या गनची नळी आतपर्यंत घालून मागे घेत भरलं तर फरक पडतो, पण शंभराव्या भोकाला ती निगा कोण राखतो?

कोरड्या मसाल्याला एक भाग सिमेंट आणि अडीच भाग बारीक चाळलेली वाळू. पाणी इतकंच की मुठीत दाबून गोळा टिकावा, तळहात फक्त ओलसर व्हावा. भोकाच्या मध्यात बूच ठोका, आत स्लरीचा (पाण्यात कालवलेल्या सिमेंटचा) हलका हात फिरवा आणि दोन्हीकडून सेंटिमीटरभराचे थर लाकडी दांड्याने ठासत या. लोखंडी सळईने थर गुळगुळीत होतो, पुढचा त्याला चिकटत नाही. भोकामागे वीस-पंचवीस थर, गवंडी वैतागणारच. तरी ठासलेला माल माथ्यालाही भिडतो, पाणी कमी म्हणून आकसतोही कमी. मातीकडच्या भिंतीला आमचा कल इकडेच.

भोकातून पाणी वाहतंच असेल तर हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवा, आधी वॉटर प्लग (वाहतं पाणी थांबवणारा, झटपट आळणारा सिमेंटी माल) मारा. एरवी भरलेली तोंडं सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. वॉटरप्रूफिंग आणि मातीची भरणी त्यानंतर.