शुक्रवारपर्यंत: ‘बाय’ की ‘टिल’?

‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे.’ भाच्याने मेल पाठवण्याआधी मला दाखवला. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, तरी वाक्य चुकलेलं. शब्दशः घेतलं तर अर्थ असा होतो, की शुक्रवार उजाडेपर्यंत हा मुलगा ती फाइल पाठवतच राहणार आहे.

भाच्याचं इंग्रजी काही कच्चं नाही. मराठीत ‘पर्यंत’ एकटा दोन कामं करतो, इंग्रजीत त्या कामांची वाटणी झालेली आहे. एखादं काम त्या मुदतीत एकदाच उरकायचं असेल तर ‘बाय’. काहीतरी तोवर चालूच राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. ‘मामा, पण ऐन वेळी आठवायचं कसं?’ उत्तर मराठीतच आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘शुक्रवारच्या आत पाठवतो’ चालतं, म्हणून ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत थांबतो’ कानाला खटकतं, म्हणून ‘अन्टिल’. (‘शुक्रवारच्या आत’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही यावर आपल्याकडे वाद होऊ शकतो, ‘बाय फ्रायडे’त तो धरतात.) ‘टिल’ आणि ‘अन्टिल’ यांत अर्थाचा फरक नाही. ‘टिल’ हे लघुरूप असल्याचा समज पक्का आहे, पण दोघांत जुना तोच. तरी ऑफिसच्या पत्रात मी ‘अन्टिल’च लिहीन.

‘पासून’चीही तीच गत. ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो आणि इंग्रजीत दोन्हीकडे ‘सिन्स’ ठोकतो. इथे ‘झाली’ लावून बघा. ‘पुण्यात राहून पाच वर्षं झाली’ हे जमतं, म्हणजे कालावधी मोजतोय, तिथे ‘फॉर’. ‘पुण्यात राहून २०१९ झालं’ असं कुणी म्हणत नाही, म्हणजे सुरुवातीची खूण सांगतोय; तिथे ‘सिन्स’. मात्र शब्द बरोबर निवडूनही वाक्य फसू शकतं, कारण मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ हे अर्धवटच सुधारलेलं वाक्य. ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हटल्याशिवाय सुटका नाही.

‘बॉरो’ की ‘लेंड’, यात खरं तर गोंधळ व्हायला नको. उसनं घेणं आणि उसनं देणं आपणही वेगळं ठेवतो. तरी ‘पेन बॉरो कर ना मला’ रोज ऐकू येतं. घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’. पुढे.

‘लेस’ की ‘फ्युअर’? पाणी कमी, माणसंही कमी; आपल्याला एक ‘कमी’ पुरतो. इंग्रजीचा पुस्तकी नियम असा, की मोजता येणाऱ्या अनेकवचनाला ‘फ्युअर’, बाकी ‘लेस’. पण अंतर, पैसे, वेळ यांना आकडा असला तरी ती एक सलग रक्कम मानतात, म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ बरोबरच. गंमत म्हणजे या नियमाचं मूळ एका माणसाच्या आवडीत सापडतं. १७७०मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकरने ‘नो लेस दॅन अ हंड्रेड’पेक्षा ‘नो फ्युअर’ आपल्याला जास्त डौलदार वाटतं, असं लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, इंग्लंडमधला आल्फ्रेड राजा अनेकवचनाला बिनदिक्कत ‘लेस’ लावत होता. तरीही २००८मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने, थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या काउंटरवरच्या ‘टेन आयटम्स ऑर लेस’च्या वादातून सुटायला पाटीच बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ करायचं ठरवलं. माझं मत: परीक्षेत आणि अर्जात ‘फ्युअर’ पाळा, गप्पांत कुणाला टोकू नका.

‘अफेक्ट’ क्रियापद, ‘इफेक्ट’ नाम. शंभरातल्या बहुतेक वेळी एवढं पुरतं. ‘इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणं, हा अपवाद सरकारी भाषेत भेटतो.

‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांत ‘सी’ की ‘एस’, हे कानाला कळत नाही. मग ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’ यांची मदत घ्यायची, तिथला उच्चारच फरक सांगतो: नामात ‘सी’, क्रियापदात ‘एस’. ब्रिटिश पद्धतीत तेच या दोघांनाही लागू. अमेरिकेत मात्र ‘प्रॅक्टिस’ला दोन्हीकडे ‘सी’ आणि ‘लायसन्स’ला दोन्हीकडे ‘एस’. आपण कुठलं घ्यायचं? आपला १९८८चा मोटार वाहन कायदा ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ ‘सी’ने लिहितो. भारतातल्या कागदावर तेच ठेवा. अमेरिकी कंपनीला लिहिताना त्यांचं.

कधी वाटणी उलटीही असते. भाच्याच्या मेलचं शेवटचं वाक्य होतं, ‘वी विल डिसाइड ऑन मंडे.’ व्याकरणात चूक नाही. पण हे ‘आपण ठरवू’ की ‘आम्ही ठरवू’? इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’, त्यामुळे सोमवारच्या बैठकीला यायचं की नाही हे समोरच्याला कळेना. शेवटी त्याने पुढे ‘टुगेदर’ जोडलं.